तिच्यासाठी रडायला नातं कशाला हवं, आई?

ठाणे, ८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, गौरी आवाहनाच्या दिवशी तू फोन केलास तो गौरी घरात आल्या हे सांगायला, आणि पुढच्याच वाक्याला तुझा आवाज भरून आला. "अगं, ती आपली मोनिका गेली." मागून बाबा म्हणाले, "सिरीयलमधली बाई ती. सणासुदीला डोळ्यांत पाणी कशाला?" मग तू घाईघाईनं भाजी-भाकरीच्या नैवेद्याचं बोलायला लागलीस. माझ्याकडेही गौरी होत्या, घर भरलेलं होतं, तेव्हा काही बोलता आलं नाही. आणि फोनवर हे सगळं सलग सांगून होतही नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, रागावू नका, पण त्या दिवशी आईचंच बरोबर होतं.

३१ ऑगस्टला पहाटे प्रिया मराठे गेली. अवघी ३८ वर्षांची, आमच्या ठाण्याची मुलगी. 'या सुखांनो या'पासून ती आपल्या घरात येत होती. 'चार दिवस सासूचे'मध्ये होती, 'तू तिथे मी'मध्ये होती. हिंदीत 'पवित्र रिश्ता'मधली वर्षा झाली. आणि 'तुझेच मी गीत गात आहे'मधली मोनिका तर तुझी रोजचीच वैरीण. तू मेथी निवडत टीव्हीसमोर बसायचीस आणि मोनिका मल्हारपुढे साखर पेरत बोलायला लागली की हातातली जुडी तशीच राहायची. त्याची पाठ वळली की तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी कसं विझायचं! डोळे आधी थंड व्हायचे आणि ओठ मात्र क्षणभर हसतेच राहायचे. "बघ बघ, आता बया काय करते," असं तू म्हणायचीस. खलनायिकेला इतकं पाहायला लावणं सोपं नसतं. आरडाओरडा करणाऱ्या पुष्कळ असतात, प्रियाचा आवाज चढायचा नाही, आणि तरी आपल्याला धडकी भरायची. ही तिची ताकद होती असं मला मनापासून वाटतं.

आता बाबा, तुमच्याकडे येते. 'स्वराज्यरक्षक संभाजी' तुम्ही एक भाग चुकवला नाहीत. त्यातली गोदावरी आठवते? ती हीच. आणि महाराज गेले तो भाग पाहून तुम्ही ताट बाजूला सारून उठला होतात, आठवतंय ना? ते शिवाजी महाराज उभे करणारा शंतनू मोघे, तो प्रियाचा नवरा. म्हणजे तुमच्या आवडत्या नटाची, श्रीकांत मोघ्यांची ती सून. त्या रात्री तुम्हाला कुणी म्हणालं नाही की सिरीयल आहे, जेवा गुमान.

आणि आशालता वाबगावकर, तुमच्या आशालताबाई? २०२० च्या सप्टेंबरात त्या गेल्या तेव्हा तुम्ही दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. 'मत्स्यगंधा' नाटकातली सत्यवती तुमच्या तरुणपणातली. आम्ही मुलांनी त्यांना आजीच्याच भूमिकांत पाहिलं, पण तुम्ही त्यांची पदं ऐकली होती. लॉकडाऊननंतर शूटिंग सुरू झालं, 'आई माझी काळूबाई' मालिकेसाठी त्या साताऱ्याला गेल्या, तिथे सेटवरच्या बऱ्याच लोकांना करोना झाला आणि त्यांनाही गाठलं. ७९ वर्षांच्या होत्या, तरी कामावर होत्या. साताऱ्यातच गेल्या. त्या काळात कुणाला नीट निरोपही देता येत नव्हता. अलका कुबल सोबत होत्या हीच काय ती समाधानाची गोष्ट. तुम्ही तेव्हा जे गप्प बसला होतात, तेच आईच्या डोळ्यांतून आलं. एवढाच फरक.

आमच्या सोसायटीत एक ताई राहतात, मालिकांच्या सेटवर हेअर ड्रेसर आहेत. प्रियाबरोबर त्यांनी काम केलेलं नाही, पण त्या आठवड्यात जिन्यात भेटल्या आणि आम्ही तिथेच उभ्या उभ्या किती वेळ बोललो. त्या सांगत होत्या की बारा-तेरा तासांची शिफ्ट, महिन्यातले बहुतेक दिवस तीच माणसं. नटी घरून निघते तेव्हा घरचे झोपेत असतात, दिवसातला तिचा पहिला चेहरा मेकअप दादा आणि हेअरवाली पाहते. रात्री रडली की सुजलेले डोळे त्यांनाच आधी कळतात. डबे एकत्र उघडतात. एकाच मेकअप रूममध्ये दोघी-तिघी वर्षानुवर्षं बसतात. मग एक जण जाते आणि दुसऱ्या दिवशी सातचा कॉल टाइम असतोच, कारण आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली असते. रडून झाल्यावर डोळ्यांखाली पुन्हा बेस लावायचा आणि लग्नाचा सीन करायचा. "आमच्यात सुतक कुणाला परवडतं?" असं त्या म्हणाल्या. मला हे फार लागलं.

अंकिता लोखंडेनं जे लिहिलं ते तू वाचलंस का, आई? ती, प्रार्थना बेहेरे आणि प्रिया अशी 'पवित्र रिश्ता'च्या सेटवरची तिघींची टोळी. एकमेकींना लाडानं 'वेडे' म्हणायच्या. त्या मालिकेनं सुशांत सिंह राजपूतलाही २०२० मध्ये गमावलं होतं. २००९ मध्ये एका सेटवर जमलेली ती सगळी तरुण पोरं, त्यातली दोन गेलीसुद्धा.

अंत्यदर्शनाचे व्हिडिओ फोनवर फिरत होते. मी पाहिले नाहीत. तुझ्याकडे आले असतील तर तूही पाहू नकोस. ज्याचं माणूस गेलंय त्याच्या तोंडासमोर फोन धरणं मला कोणत्याही कारणानं पटत नाही. आठवण काढायची तर तिचं काम पाहावं, ते भरपूर आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. २०२३ मध्ये तिनं मालिका सोडली तेव्हा तब्येतीचं कारण स्वतःच सांगितलं होतं, की शूटिंगचं वेळापत्रक झेपत नाही. मोनिका पुढे तेजस्विनी लोणारीनं केली. तू म्हणायचीस, "ही चांगलं करते, पण माझी मोनिका ती नव्हे." आपल्याला वाटलं, असेल काहीतरी, येईल परत. आधी कॅन्सर झाला होता, त्यातून उठून ती पुन्हा नाटकात, मालिकेत उभी राहिली होती आणि तो उलटला होता, हे आपल्याला सुबोध भावेंनी लिहिलं तेव्हा कळलं. ती त्यांची चुलत बहीण. त्यांनी तिच्या झुंजीबद्दल लिहिलं आणि शंतनू कसा खंबीरपणे तिच्या पाठीशी उभा होता, तेही. जगाला सांगायचं की नाही हे तिचं तिनं ठरवलं, तो तिचा अधिकार. पण तिच्या घरच्यांना ठाऊक होतं. शंतनूला ठाऊक होतं. ती एकटीनं सोसत नव्हती.

आणि म्हणून, आई, आता तुझ्याशी बोलते. बाबांनी मागे सहज सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफी, ती स्तनांच्या कॅन्सरसाठीची तपासणी, लिहून दिलीय आणि तो कागद देवघराच्या खणात आहे. तू मला एका शब्दानं बोलली नाहीस. विचारलं तर म्हणालीस, "वय झालं की लिहून देतात सगळ्यांनाच, सण होऊ दे." बरोबर आहे, सगळ्यांनाच लिहून देतात, आणि बहुतेकींचं काही निघतही नाही. पण ती करूनच घ्यायची असते. लवकर कळलं तर उपचारांना वाव मिळतो. तू त्या मुलीसाठी इतकी रडलीस, तशीच तुझ्यासाठी रडणारी माणसं तुझ्या घरात आहेत गं.

परवा अनंत चतुर्दशी झाली. आता सणाचं कारण उरलं नाही. पितृपक्ष लागलाय हेही सांगू नकोस, तपासणीला मुहूर्त लागत नाही. मी शनिवारी कोयना एक्सप्रेसनं निघते, रात्रीपर्यंत मिरजेत पोचेन. सोमवारची रजा टाकलीय. बाबा, तेवढं सोमवारी सकाळचं नाव नोंदवून ठेवा आणि तो खणातला कागद काढून तुमच्या पाकिटात ठेवा, म्हणजे ऐन वेळी सापडत नाही असं व्हायला नको. आई, रिक्षा मी बोलावेन, तू बाहेर पडायच्या आधी भांडी घासत बसू नकोस.

रविवारी संध्याकाळी तिघं बसून तिचं काहीतरी पाहू. बाबा, तुमच्या मालिकेतले गोदावरीचे भाग काढून देते. आईला मोनिकाच हवी असेल तर तीही.

तुमची,
बेबी