शेतराखणीची बंदूक आणि रात्रीचे व्हिडिओ

संपादक महोदय,

सरदाचे (पावसाळी) भात पोटरीला आले की गोव्यातल्या सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणात रात्रीची राखण सुरू होते. मग वायंगण (रब्बी भात), सुरण, कणगी, केळी असे करत ती काजूच्या हंगामापर्यंत चालते. परवान्याची बंदूक घेऊन माळ्यावर बसणाऱ्या शेतकऱ्यांना शिकारविरोधी म्हणवणाऱ्या काही गटांकडून होणाऱ्या त्रासाबद्दल हे पत्र आहे. वाटेत गाडी आडवी घालून पिशव्या तपासायच्या, तोंडावर टॉर्च मारून व्हिडिओ काढायचा, गाडीच्या नंबरासकट तो ‘शिकारी सापडला’ म्हणून समाजमाध्यमांवर टाकायचा आणि मग अनोळखी नंबरांवरून धमक्या, असा हा प्रकार असतो. कायदा काय सांगतो हे दोन्ही बाजूंना नीट ठाऊक नसल्यामुळे साधी गोष्ट हातघाईवर येते.

आधी शेतकऱ्यांविषयी, कारण घोळाची सुरुवात तिथूनच होते. बंदुकीचा परवाना शस्त्र कायदा, 1959 खाली जिल्हाधिकारी देतात. त्याच्या कलम 13 मध्ये शेतराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. तेवढ्याने भागत नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. 2019 च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. या परवान्याने बंदूक बाळगता येते, जनावर मारता येत नाही. मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 खालचा वेगळा, कारणांसहित लेखी हुकूम लागतो. खिशात पहिला कागद आहे म्हणून दुसराही आहे असे धरून चालणारे शेतकरी आपल्या गावांत आजही आहेत, आणि त्यांच्यामुळे नियमाने वागणाऱ्यांवरही संशय येतो. हे स्पष्ट बोलायला हवे.

वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण दाखवून मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी त्याच्यासाठी हुकूम काढू शकतो. गवा, मोर, शेकरू आणि आपल्याकडचे माकड अनुसूची एकमध्ये आहेत. तिथे पिकाचे नुकसान हे कारणच चालत नाही. जनावर माणसाच्या जिवावर उठलेले किंवा बरे होण्यापलीकडे जायबंदी असावे लागते. माकडांनी बागेतले शहाळे न् शहाळे पाडले तरी बंदूक त्यांच्याकडे वळवता येत नाही. अनुसूची एकमधल्या प्राण्याची किंवा अभयारण्याच्या हद्दीत कुठल्याही प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे, दंड वेगळा. माणसाचा जीव वाचवताना जनावर मारले गेले तर तो गुन्हा ठरत नाही, पण ते सरकारी मालमत्ता होते. ताब्यात आल्यापासून 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवावेच लागते.

गोव्याच्या पूर्वेकडच्या गावांनी याच वन्यजीव कायद्याची आणखी दोन कलमे लक्षात ठेवावीत. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही अभयारण्ये जवळजवळ एकाला एक लागून आहेत. कलम 31 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. घरून शेताकडे जाणारी वाट हद्दीतून जात असेल तर नुसते त्या वाटेने बंदूक घेऊन चालणेही अडचणीत आणते. कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाची वनखात्याकडे नोंदणी लागते. या नोंदणीचा कागद फार थोड्यांकडे निघतो. व्हिडिओ पसरला की वनखाते पहिल्यांदा हाच कागद मागते, तेव्हा तो आधीच करून ठेवावा.

हुकुमासाठी अर्ज करताना ‘डुकरे त्रास देतात’ एवढे लिहून भागत नाही. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, सर्व्हे नंबर आणि उपविभाग, पीक, किती क्षेत्र उद्ध्वस्त झाले, कोणत्या रात्री, हे सारे त्यात हवे. नुकसान दिसले त्याच सकाळी, ऊन चढण्याआधी फोटो काढावेत. नांगरल्यासारखी उकरलेली माती, बुंध्याशी चावलेली केळ किंवा माडाचे रोप आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेला खुराचा ठसा, एवढे फोटोत आले पाहिजे. खुरांमागचे दोन छोटे ठसे ओल्या मातीत उमटलेले असले की ते डुक्कर हे सांगायला वनरक्षकाला वेळ लागत नाही. त्याच फोटोंवर पंचनामा आणि भरपाईचा अर्ज दोन्ही होतात. अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. हुकूम मिळाला तर त्यातली मुदत, जागा आणि नावे वाचून घ्यावीत, कारण भावाच्या नावावरचा हुकूम दुसऱ्या भावाला चालत नाही. मेलेल्या डुकरापाशी बंदूक धरून फोटो काढणे आणि तो गावच्या ग्रुपवर टाकणे कायमचे बंद करावे. प्रकरणे बाहेरच्यांच्या कॅमेऱ्यानेच नव्हे, अशा फोटोंनीही सुरू होतात.

आता रात्री कोणी अडवले तर काय करावे. सगळ्यात आधी बंदूक निकामी करावी. ठासणीची असेल तर नळी जमिनीकडे धरून टोपी (बार पेटवणारी केप) काढावी, घोडा हळूच खाली बसवावा आणि टोपी खिशात ठेवावी. दारू आणि छर्रे नळीतच असतात, गजाने ते उपसण्याचे काम तिथे अंधारात करू नये. टोपीखेरीज बार उडत नाही, पण ठिणगी आणि विडी-सिगारेट लांबच असावी. काडतुसाची असेल तर नळी मोडून काडतुसे काढावीत आणि बंदूक मोडलेलीच ठेवावी, म्हणजे कॅमेऱ्यातही ती रिकामी दिसते. मग ती सोबत्याकडे देऊन दोन पावले मागे व्हावे. हातात भरलेली बंदूक असताना एक शब्दही वर चढवून बोललात, तर पोलिसांपुढे धमकी तुमचीच ठरते, समोरच्याने काहीही केलेले असो. दुसऱ्याचा मोबाईल हिसकावणे, फोडणे, गाडीची किल्ली काढून घेणे यातून तर सरळ गुन्हाच दाखल होतो.

परवाना दाखवण्याची मागणी पोलीस किंवा केंद्राने खास अधिकार दिलेला अधिकारी करू शकतो. झडतीचा अधिकार वन्यजीव कायद्याच्या कलम 50 खाली वन अधिकाऱ्यांना आणि उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या पोलिसांना आहे. कुठल्याही संस्थेचे ओळखपत्र गळ्यात असले तरी खासगी माणसाला पिशवी उघडता येत नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर नागरिकाला संशयिताला धरता येते खरे, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावे लागते. अभयारण्याबाहेर निव्वळ बंदूक खांद्यावर आहे हा असा गुन्हा नव्हे. अशा वेळी 112 ला फोन लावावा, जागा सांगावी आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबावे. पळालात की पुढचा सगळा खुलासा लंगडा पडतो.

सार्वजनिक रस्त्यावरून व्हिडिओ काढणे हा गुन्हा नाही, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. कुळागरात (सुपारीच्या बागेत) शिरून धमकावणे, वाट अडवणे हे मात्र गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेत अनधिकृत प्रवेशाला कलम 329, वाट अडवण्याला 126, धमकीला 351 आणि बदनामीला 356 आहे. मुद्दाम खोटी माहिती देऊन सरकारी अधिकारी मागे लावला तर 217. तक्रार देताना कलमे पोलिसांवर सोडावीत, आपण घटना तेवढी क्रमाने लिहावी: वेळ, जागा, गाडीचा नंबर, नेमके शब्द, साक्षीदार. समाजमाध्यमांवरची पोस्ट पुरावा म्हणून जपायची तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. खात्याचे नाव, पोस्टची लिंक, तारीख आणि वेळ एकाच चित्रात दिसायला हवी आणि मूळ फोनमधून काही पुसू नये. न्यायालयात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते, ते त्या फोनच्या आधारे द्यावे लागते. पोस्टखाली शिव्या देणारी आपली माणसे थांबवावीत. चार नातेवाइकांनी उलट धमक्या दिल्या की मूळ तक्रारीचा जोर निघून जातो.

शिकारीला विरोध असणाऱ्यांनाही कळकळीने सांगायचे आहे. तुमचे दुःख खोटे नाही. क्लचच्या तारेचे फास लावणारे आपल्याच तालुक्यांत आहेत. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटा कंबरेतून अडकतो, आणि सुटायला जितका ओढतो तितकी तार मांसात रुतते. कुंपणात थेट 230 व्होल्ट सोडणारेही आहेत. त्यात रातबेरात गुरे मरतात, माणसे मरतात. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीत चार पट्टेरी वाघ विषाने गेले, त्याची लाज प्रत्येक गोवेकराला वाटायला हवी. फास दिसला तर जागेचे लोकेशन आणि फोटो घेऊन त्याच वेळी वनक्षेत्रपालांना कळवा, आम्ही तो दाखवायला बरोबर येऊ. वनखाते हलले नाही तर वन्यजीव कायद्याच्या कलम 55 खाली 60 दिवसांची नोटीस देऊन कुठल्याही नागरिकाला थेट न्यायालयात तक्रार करता येते. हा मार्ग हाती असताना रात्री लोकांच्या बागेत शिरू नका. माळ्यावर बसलेल्या माणसाला खाली झाडोऱ्यात फक्त हालचाल दिसते. डुक्कर समजून माणसावर बार काढल्याच्या घटना गोव्यात घडल्या आहेत. टॉर्च विझवून, दबा धरून चित्रीकरण करणारा त्याच धोक्यात उभा असतो.

प्रशासनाकडे आमची मागणी आहे. कलम 11 खाली दिलेल्या प्रत्येक हुकुमाची प्रत पंचायतीच्या फलकावर आणि संबंधित पोलीस ठाण्यात लावावी, म्हणजे संशय आला की कोणालाही पाच मिनिटांत पडताळता येईल. वनखात्याच्या प्रत्येक रेंजमध्ये (वनक्षेत्रात) रात्री उचलला जाणारा एक फोन असावा. केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबत पंचायत अध्यक्षांना हुकूम देण्याचे अधिकार दिले. गोव्यात तसे करावे की नाही यावर ग्रामसभांत चर्चा व्हावी, पण आज अर्ज पणजीपर्यंत पोचून उत्तर येईस्तोवर कणस मळून झालेले असते.

आणि आपल्याकडे एक विनंती. असा व्हिडिओ छापील बातमीसाठी आला तर छापण्याआधी त्या रेंजच्या वनक्षेत्रपालांना एक फोन करावा: जागा अभयारण्यात होती का, हुकूम होता का, जनावर कोणते होते. उत्तर मिळेपर्यंत चेहरा आणि गाडीचा नंबर झाकूनच चित्र छापावे.

आपले,
सत्तरी व धारबांदोडा तालुक्यांतील काही परवानाधारक बागायतदार