शिक्षा संपली, पण भाड्याची खोली मिळेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली नाही म्हणून घरमालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. नियम योग्यच आहे. घरात कोण राहतं हे पोलिसांना माहीत असावं. पण या नियमाचं खाली वस्त्यांमध्ये काय झालंय, ते गेल्या दीड वर्षात मी जवळून पाहिलं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलामुळे पाहिलं, म्हणून लिहितो आहे.

भाचा २२ वर्षांचा असताना विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांत मारामारी झाली. त्याच्या हातात लोखंडी गज होता आणि तो त्याने चालवला. समोरच्या पोराचा खांदा मोडला, तो हात आजही पूर्ण वर जात नाही. हे मी कुणापासून लपवत नाही. घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचं ३२६ कलम लागलं, कोर्टाने ३ वर्षं सुनावली. माफीचे दिवस वजा जाता उरलेली शिक्षा त्याने येरवड्यात काढली आणि तिथल्या कारखान्यात सुतारकाम शिकला. तेव्हा कुशल कैद्यालाही दिवसाची मजुरी शंभर रुपयांच्या आत होती. घरी पाठवलेले आणि कँटीनला गेलेले पैसे वजा करून जे उरलं, तेवढं घेऊन तो बाहेर आला.

बहिणीच्या घरी त्याला ठेवता येत नव्हतं. ज्याला लागलं त्याचं घर त्याच चाळीत, चार दारं सोडून. त्या माऊलीने रोज सकाळी नळावर याचं तोंड का पाहावं? शिवाय जुनी पोरं संध्याकाळी शिट्ट्या मारायला हजर होतीच. म्हणून त्याला वेगळी खोली हवी होती. खोलीला भाडं लागतं, भाड्याला पगार लागतो आणि पगाराला पोलिसांचा दाखला लागतो. आम्ही अडकलो ते इथेच.

पहिली चूक माझी. भोसरीत ३१ वर्षं लेथवर काढली, चार ठेकेदार ओळखीचे आहेत. त्यातल्या एकाकडून चाकणच्या एका गोदामात त्याला चिकटवला आणि सांगितलं, “फॉर्मवर ‘गुन्हा नाही’ असं लिही, कोण बघतंय.” एकोणीस दिवसांनी तपासणीचा कागद आला. त्याला गेटवरच थांबवलं, ओळखपत्र काढून घेतलं. काम कसं आहे हे कुणी विचारलंही नाही. पण खरं सांगायचं तर कंपनीला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, जेलमध्ये मी कुणाशी खोटं बोललो नव्हतो.” त्यानंतर आम्ही ठरवलं, जिथे जायचं तिथे आधी सगळं सांगायचं.

सांगायला लागलो आणि खोल्या मिळेनाशा झाल्या. दिघीतली एक खोली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. दहा बाय बाराची, भाडं साडेसहा हजार, डिपॉझिट वीस हजार. मालकीणबाई चांगल्या होत्या, चहा ठेवला. मोरीच्या दाराची बिजागरी निखळली होती, दार फरशीला घासत होतं. याने खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं, स्क्रू पिळले, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि खाली सांडलेला लाकडाचा भुसा हाताने गोळा करून बाहेर टाकला. बाई म्हणाल्या, असाच भाडेकरू पाहिजे. मग आम्ही सांगितलं. त्या गप्प झाल्या. रात्री एजंटचा फोन आला की खोली त्यांच्या पुतण्याला लागणार आहे. अशा सहा खोल्या गेल्या. सातवा मालक भाड्यावर दोन हजार जास्त मागत होता, ‘रिस्क’ म्हणून.

कायदा काय म्हणतो हे मी त्या काळात एका वकिलांकडून समजून घेतलं. सिक्युरिटीच्या नोकरीला खरोखरच आडकाठी आहे. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात शिक्षा झालेल्या माणसाला गार्ड म्हणून घेता येत नाही. ठीक आहे, ते दार आम्ही सोडलं. पण गोदामात खोकी उचलायला, सनमायका चिकटवायला किंवा खोली भाड्याने घ्यायला अशी बंदी कुठल्याच कायद्यात नाही. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो मालकाला करार लेखी करून नोंदवायला लावतो, भाडेकरूचा भूतकाळ स्वच्छ असावा असं म्हणत नाही. ज्याला कोर्ट १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतं, त्याला त्या दोषामुळे अपात्र धरू नये, असं त्याच कायद्याचं १२ वं कलम सांगतं. आणि देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस दर चार कैद्यांमागे तीन जण कच्चे कैदी होते, त्यांचा निकालच लागलेला नव्हता. त्यातले किती निर्दोष सुटतील कोण जाणे. पण खोली बघायला गेल्यावर ‘आत जाऊन आलेला’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो.

माझं गाव आटपाडी तालुक्यात, माणदेशात. गावाजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत. तिथे कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. तुरुंगाची भिंत नाही. लहानपणी बाजारात त्यांच्याकडची वांगी आई घ्यायची आणि वांगी पिकवणारा खुनी आहे का चोर, हे तिने कधी विचारलं नाही. वांगी किडकी नाहीत ना, एवढंच उलटीपालटी करून बघायची. ज्या दुष्काळी मुलखातल्या माणसांना हे जमलं, ते पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात का जमू नये, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता.

अखेर काम मिळालं ते मोशीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात. मालकांनी तीन प्रश्न विचारले: काय केलं होतंस, कधी, आणि त्यानंतर काय केलंस? मग एक ड्रॉवर बनवून दाखवायला सांगितला. दिवसाला सहाशे रुपये ठरले. खोलीसाठी बहिणीने भिशी उचलली, मी थोडे घातले आणि ११ महिन्यांच्या करारात त्याच्या नावाबरोबर माझंही नाव घातलं. पहिले तीन महिने भाडं चुकलं तर मी देईन, असं मालकाला तोंडावर सांगितलं. एकदाही द्यावं लागलं नाही. ज्यांच्या घरात असं माणूस परत आलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्याला सल्ला देत बसू नका, करारावर सही करा.

घरमालकांना आणि सोसायट्यांना विनंती आहे की पोलिसांचा फॉर्म जरूर भरा, पण त्याचा आधार घेऊन दार लावू नका. गुन्हा काय होता, किती वर्षं झाली आणि माणूस आज काय करतो, हे तरी विचारा. कंपन्यांनी गुन्ह्याचा आणि कामाचा संबंध तपासावा. पैशांची अफरातफर केलेल्याला कॅशिअर करू नका, हे मलाही पटतं. आणि शासनाकडे मागणी अशी की सुटकेच्या आधीच, आत असतानाच, जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांनी कैद्याची एखाद्या कारखान्याशी गाठ घालून द्यावी. सुटल्यावरचे पहिले तीन महिने सर्वांत कठीण असतात आणि नेमक्या तेव्हाच त्याच्याकडे भाड्याचे पैसे नसतात.

भाच्यामुळे ओळख झालेली आणखी दोन मुलं सध्या काम शोधत आहेत. एकाला शिवणकाम येतं, दुसऱ्याला सुतारकाम. दोघंही काय घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगतील. भोसरी, चाकण, मोशी भागात कुणाला कारागीर हवे असतील, तर माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त लेथ कामगार, भोसरी
(नाव संपादकांकडे)