आई, 'मान्य आहे' दाबलं नाहीस ते बरोबरच केलंस

प्रिय आई-बाबा,

फोनवर टीव्हीचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहून पाठवतेय, दोघं निवांत बसून वाचा. बाबा, तुमची चिडचिड मला कळते, पैसे मोजून आणलेला टीव्ही अपडेट झाल्यावर अचानक अटींचं पान दाखवून अडून बसतो आणि खाली बटण एकच, 'मान्य आहे'. 'सगळेच दाबतात, तूही दाब' हे तुमचं म्हणणं पण मला पटत नाही. आई म्हणाली की वाचल्याशिवाय दाबणार नाही, आणि मी तिच्या बाजूने आहे.

हे फक्त आपल्याच टीव्हीचं नाहीये. २०२४ मध्ये अमेरिकेत रोकू नावाच्या कंपनीच्या टीव्हींवर असंच पान आलं होतं, मान्य केल्याशिवाय टीव्ही वापरताच येईना, आणि आतली अट काय तर भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या मध्यस्थाकडे. मान्य करायला रिमोटचं एक बटण, आणि ती अट नको असेल तर ३० दिवसांच्या आत कागदावर पत्र लिहून पोस्टाने पाठवायचं! लोक प्रचंड भडकले, आणि का भडकू नयेत, कपाट विकणारा वर्षभराने येऊन म्हणाला की नव्या कागदावर सही करा नाहीतर कुलूप लावतो, तर बाबा तुम्ही त्याला दारात तरी उभं केलं असतं का?

आणि अटींमध्ये बऱ्याचदा आपण काय बघतो त्याची नोंद ठेवायची परवानगीही असते. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे बारीक नमुने घेऊन कंपनीच्या सर्व्हरवर जुळवून बघतो, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सवरचं चॅनल असो नाहीतर पेन ड्राइव्हवरचा सिनेमा, त्याला कळू शकतं. व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवर हे लोकांना नीट न सांगताच केलं होतं, २०१७ मध्ये त्यांना २२ लाख डॉलर भरावे लागले आणि जुना डेटा पुसायचा आदेश झाला. मला तर ही रक्कम फारच कमी वाटते.

पण लोकांनी नेटाने धरलं की फरक पडतो. युरोपात २०१८ ला नवा डेटा कायदा लागू झाला, त्यात संमती मोकळेपणाने दिलेली असली पाहिजे असं स्पष्ट आहे. फ्रान्समधल्या एका संस्थेने जवळपास १० हजार लोकांच्या वतीने गूगलविरुद्ध तक्रार केली, ऑस्ट्रियातल्या एका संस्थेनेही केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये गूगलला ५ कोटी युरो दंड झाला, कारण जाहिरातींसाठी घेतलेली संमती खरी संमतीच नव्हती. त्या १० हजारांत तुमच्यासारखेच साधे लोक असणार ना, वकील थोडेच होते सगळे.

आता आपलं. आधी वाय-फाय बंद करून टीव्ही बंद-चालू करून बघा, कधीकधी ते पान नेटशिवाय येत नाही आणि सेट-टॉप बॉक्स चालू होतो. तरी अडला तर त्या पानाचे फोटो काढा, सगळी पानं, खालपर्यंत सरकवून. मी कंपनीला लेखी तक्रार टाकते, त्यात दोनच मागण्या, नवीन अटी न मानता टीव्ही पहिल्यासारखा चालू द्या, नाहीतर पैसे परत द्या. फोनवर कस्टमर केअरवाल्याशी भांडू नका बाबा, त्या बिचाऱ्याच्या हातात काही नसतं आणि तोंडी बोलण्याचा पुरावाही राहत नाही.

आणि समजा बघायचंच आहे म्हणून दाबलंत, तर लगेच सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन बघण्याची माहिती गोळा करणारं आणि जाहिरातींचं असं जे जे असेल ते बंद करा, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, व्हिडिओ कॉल लावा मी सांगते. तक्रार मी तरीही करणारच आहे.

बिल आईच्या फाइलमध्ये असेल, सापडलं की फोटो पाठवा, मॉडेल नंबर नीट दिसेल असा.

तुमची लेक