पिशवीवर मार्करनं लिहिलेलं १.०२२

काका, सप्रेम नमस्कार.

माझ्या ४० लिटरच्या, समुद्री खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटँकमधली वाळू पुन्हा पांढरी दिसायला लागली, हे आधी सांगून टाकते. समोर उभं राहून आभार मानले असते तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत दुकानातल्या मागच्या टाक्यांकडे वळला असतात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत.

तुमच्या आधी जिथं विचारलं होतं, तिथं "वाळूवर तपकिरी थर" एवढे शब्द ऐकताच काउंटरवर शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आली. फोटो बघायचीही तसदी नाही. वर सल्ला असा की सगळी वाळू काढून नळाखाली खळखळून धुवा. म्हणजे नळाच्या क्लोरीननं वाळूतले, विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू मारायचे, टँक पुन्हा अमोनियापासून सुरू करायचा, आणि ज्या सिलिकेटवर (विरघळलेल्या सिलिकावर) हा तपकिरी थर करणारे डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, पोसले जातात ते नळाच्याच पाण्यातून परत आत आणायचं. हे सांगणारे वीस वर्षं धंद्यात असल्याचंही सांगत होते!

तुम्ही पहिला प्रश्न पाण्याचा विचारलात. टॉप-अपला, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घालायला, कुठलं पाणी? बहुतेक घरांत ते स्वयंपाकघरातल्या आरओचं असतं, आणि तिथंच मेख आहे. घरगुती प्युरिफायरमध्ये चव राहावी म्हणून टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) व्हॉल्व्ह थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात तर सिलिका विरघळलेली असतेच. ४० लिटरच्या उघड्या टँकमधून रोज अर्धा लिटर पाणी सहज उडतं, सिलिका मात्र उडत नाही. ती साठत जाते. एरवी नव्या टँकमधले डायटम असलेलं सिलिकेट खाऊन संपवतात आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. आपण रोज खुराक ओतत राहिलो तर ते कशाला जातील?

उपायही तुम्ही दोन वाक्यांत सांगितलात. व्हॉल्व्हच्या आधी, थेट आरओच्या मेंब्रेनमधून (गाळणाऱ्या पडद्यातून) निघणारं पाणी घ्या आणि त्याला पुढं डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचं, काडतूस जोडा. टीडीएस पेनवर शून्य आलं तरी गाफील राहू नका. सिलिका पाण्यात बहुतांश विद्युतभाररहित असते, त्यामुळे पेनला ती दिसत नाही, आणि रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी तीच निसटते. म्हणून रंग बदलणारं रेझिन पूर्ण रंग बदलायच्या आतच बदलायचं. (वाळूवर खापर फोडणाऱ्यांसाठी: क्वार्ट्झ पाण्यात इतका हळू विरघळतो की खरा संशयित बहुतेक वेळा पाणीच.)

हे डायटमच आहेत ना, याचीही तुम्ही खात्री करून घेतलीत. बोटानं पुसलं की धुळीसारखं उडतं ते डायटम. जांभळट लाल चादर सोलून निघते ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. आणि दिवसा शेंबडासारख्या तारा, त्यांत बुडबुडे, रात्री बरंचसं गायब, असं असेल तर डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे निराळेच सूक्ष्मजीव. त्यांच्यावरच्या उपायाची दिशाच वेगळी, कारण ते नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यावर माजतात. म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) मागितलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. ते सिलिकेट ओढतं खरं, पण एवढ्याशा पाण्यात फॉस्फेटही तळाला नेतं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ पीपीएमच्या वर राहिलं पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. आठवड्याला ४ लिटर पाणी बदलायचं, नव्या पाण्यात समुद्री मीठ साधारण १५० ग्रॅम, शेवटचा शब्द खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा. जुनं पाणी काढताना एअरलाइनच्या बारीक नळीनं वाळूचा फक्त वरचा तपकिरी थर ओढायचा, खाली उकरायचं नाही. दिवा ७ तास. फिल्टरमधला फ्लॉस (कापसासारखा गाळ) दर तिसऱ्या दिवशी नवा, नाहीतर अडकलेली घाण तिथंच कुजते.

पण मनात घर करून राहिलं ते वेगळंच. डायटम खायला दहा गोगलगायी मागितल्या होत्या. तुम्ही ट्रोकस जातीच्या दोनच दिल्यात, "डायटम संपल्यावर बाकीच्या आठ खाणार काय? मरतील, अमोनिया वाढेल," म्हणालात, आणि पिशवीला गाठ मारायच्या आधी मार्करनं वर लिहिलंत: १.०२२, सावकाश.

तुमच्या टाकीतल्या पाण्याची घनता, म्हणजेच खारटपणाचं माप. हा आकडा कोणी देत नाही. मीठ वाचतं म्हणून बरीच दुकानं टाक्या १.०२० च्या आसपास ठेवतात. माशांना ते चालून जातं, गोगलगायीला नाही. १.०२५ च्या पाण्यात एकदम सोडली की ती उलटी पडते, आणि दुकानदार म्हणतो, तुमच्याच टँकमध्ये दोष. तुमच्या आकड्यामुळे अंदाज करायची गरजच उरली नाही. टँकमधून पिशवीत सोडलेल्या नळीला सैल गाठ मारून सेकंदाला तीनेक थेंब, तासभर, पिशवीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत. मग १.०२४ दिसलं, तेव्हा सोडल्या. दोघी काचेला चिकटल्या आणि लगेच चरायला लागल्या.

स्वतःच्या मालाचा आकडा गिऱ्हाइकाच्या हातात देणारी माणसं सगळ्याच धंद्यांत असतात. वजनकाटा आपल्याकडे वळवून ठेवणारा भाजीवाला, जुना पार्ट परत हातात देणारा मेकॅनिक. त्यांच्या दुकानांवर मोठ्या पाट्या नसतात, एवढीच अडचण.

काचेवर आता दोघींनाही पुरेसं उरत नाही, म्हणून एक दिवसाआड नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) अंगठ्याएवढा तुकडा क्लिपला लावते आणि उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाकते. रेझिनचा अर्धा रंग बदललाय. तुमच्याकडं नवं आलं की दोन काडतुसांएवढं बाजूला ठेवा, शनिवारी येते.

तुमची,
दोन ट्रोकसवाली