आधी काय बिघडतं?

प्रिय मित्रा,

किती दिवसांनी लिहितोय ते मोजत बसू नकोस, आधी ऐक. काल रात्री जे दिसलं ते घरी सांगितलं तर "बरं, झोप आता" एवढंच म्हणतील आणि लॅबमध्ये सांगायची सोय नाही, का ते पुढे कळेलच. तब्येत ठीक, मान धरते अधूनमधून, बाकी काही नाही.

तर आपली ती उंदरांची म्यूटंट लाइन, एक जीन बिघडलेली. साडेआठ दिवसांचे एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, काढले, योक सॅकला, त्यांच्या भोवतीच्या पिशवीला, जराही धक्का न लावता, अर्धं डीएमईएम एफ-१२ हे पोषक द्रावण आणि अर्धं रॅट सीरम, ३७ डिग्री, ५ टक्के सीओटू, सगळं तू करायचास तसंच. रक्तपेशी जीएफपीवाल्या, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या. त्याच पिल्लावळीतला नॉर्मल एम्ब्रियो कसा दिसतो ते तुला सांगायला नको, हृदय म्हणजे तेव्हा नुसती एक नळी, कप्पे वगैरे काही नाही, पण ठोके पडायला लागलेले असतात आणि प्रत्येक ठोक्याला त्या हिरव्या पेशी थोड्या पुढे जातात, तेवढ्याच मागे येतात, परत पुढे, परत मागे, आणि मग एखादी सुटते आणि निघून जाते, तिच्यामागे दुसरी. पहिल्यांदा ते पाहून तू एवढ्याने ओरडलास की ताईला वाटलं आग लागली, अजून सांगत असते सगळ्या नव्या पोरांना.

म्यूटंटमध्ये ठोके पडत होते. वेळेवर सुरू झाले, लयीत पडत होते. पण पेशी ब्लड आयलंडमधून, म्हणजे योक सॅकमध्ये त्या जिथे तयार होतात तिथून, हलेचनात! रात्रभर टाइमलॅप्स लावला, सकाळी बघतो तर योक सॅकवर वाहिन्यांची तीच मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, सगळ्या सारख्याच जाडीच्या, एकही मोठी वाहिनी नाही आणि तिला फुटलेल्या फांद्या नाहीत.

सरांनी इमेज बघितली आणि म्हणाले, झालं, हा वाहिन्यांचा जीन आहे, लिहायला घे. आणि मला तिथेच अडकल्यासारखं झालंय. कारण जाळी तशीच राहिली म्हणजे दोष जाळीतच आहे असं कुठे ठरतं? एनसीएक्स-१ हा जीन नसलेल्या उंदरांचं आठव, तिथे हृदय धडधडतच नाही आणि योक सॅकच्या वाहिन्या अशाच अडकतात, म्हणून काय कोणी त्याला वाहिन्यांचा जीन म्हणतं? आणि २००७ चं ते मेरी डिकिन्सन यांच्या गटाचं काम, ज्यावरून आपण दोघं पहाटेपर्यंत भांडलो होतो. रक्तपेशी आयलंडमध्येच अडकवून ठेवल्या, हृदय चालू, प्लाझ्मा वाहतोय, तरी जाळीतून मोठ्या वाहिन्या घडल्या नाहीत, आणि मग पेशींच्या ऐवजी नुसतं हेटास्टार्च, म्हणजे स्टार्चपासूनचा पदार्थ, सोडून पातळ द्रव दाट केला तर घडल्या. म्हणजे पेशी तिथे ऑक्सिजन पोचवतात म्हणून नव्हे, त्यांच्यामुळे रक्त दाट होतं आणि वाहिनीच्या भिंतीवर जोर पडतो म्हणून वाहिन्या घडतात. आपल्या म्यूटंटमध्येही पेशीच आल्या नाहीत ना रे! मग दोष वाहिनीत आहे, का पेशी सुटतच नाहीत, का ठोके दिसायला नीट आणि पंप मात्र कमजोर? तीनही शक्य आहेत आणि तिन्हींची शेवटची इमेज हुबेहूब सारखी येते.

तू म्हणशील सेक्शन काप, म्हणजे एम्ब्रियोच्या पातळ चकत्या. माहीत होतं, तू हेच म्हणणार! "मेलेला एम्ब्रियो खोटं बोलत नाही" हे तुझं वाक्य मला पाठ आहे आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. सेक्शनमध्ये आकार दिसतो, सुंदर दिसतो, पण आधी काय थांबलं आणि मग काय थांबलं हे त्यात कसं दिसणार? ते जिवंतपणीच बघावं लागतं.

म्हणून ओसीटीकडे गेलो, प्रकाशाने आतली चित्रं घेणाऱ्या तंत्राकडे. कॉन्फोकल मायक्रोस्कोप आत फार तर एकदोनशे मायक्रॉन, ओसीटी एक-दोन मिलिमीटर जातं, रंग लागत नाही, हृदयाची भिंत प्रत्येक ठोक्याला किती आत येते ते मोजता येतं, डॉप्लर लावला तर रक्ताचा वेगही. पण डॉप्लरला प्रवाह किरणाला काटकोनात असला की शून्यच दिसतं, मग म्यूटंटमध्ये शून्य आलं की छातीत धस्स होतं, खरंच प्रवाह नाही का कोनच तसा? एम्ब्रियो फिरवून परत बघायचं. फिरवताना चेंबर जरा गार झाला की ठोके मंदावतात, मग ते म्यूटंटचं म्हणायचं का गारठ्याचं? त्यामुळे आता म्यूटंट आणि नॉर्मल एकाच डिशमध्ये शेजारी शेजारी, एकाच वेळी, त्याशिवाय मी आकडा धरत नाही. सरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला वाटतं हाच खरा प्रयोग आहे, आणि हृदयाच्या भिंतीची हालचाल मोजणं व हेटास्टार्चचा प्रयोग दोन्ही झाल्याशिवाय त्या पेपरवर माझं नाव नको. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, या आठवड्यात सांगणार. डॉक्टर लोक उद्या एखाद्या जन्मजात दोषाचं कारण शोधताना आपलं वाक्य वाचतील आणि चुकीच्या जागी शोधत बसतील, ही कल्पनाच सहन होत नाही.

छकुलीच्या इकोचं काय झालं? हृदयाच्या पडद्यातलं भोक लहान झालं म्हणालास ना, पुढची तारीख कधी? नवी नोकरी कशी आहे, बॉस बरा आहे का, आणि वहिनींना सांग लोणच्याची बरणी पोचली.

आणि मुख्य म्हणजे भिंतीच्या हालचालीवरून बाहेर पडणारं रक्त काढायचं तुझं ते शीट पाठव, जुन्या लॅपटॉपमध्ये असेल, "फायनल फायनल" नावाचं. शनिवारी म्यूटंट निघतायत, त्याआधी मिळालं तर बरं. आणि सरांशी बोलण्याआधी एकदा फोन कर, उशिरा केलास तरी चालेल, मी मायक्रोस्कोपपाशीच असेन.

तुझाच,
मी