पुण्यातली ती सेमीफायनल

केप टाउन,
२१ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोन रोजच होतो, पण हे फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले. आज इथे सुट्टी आहे. १९६० साली याच तारखेला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला होता. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात वावरायला पास जवळ बाळगावा लागे. त्याविरुद्ध लोक पोलीस ठाण्यासमोर जमले होते. ६९ जण गेले. कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. म्हणजे ते पळत होते.

गेल्या रविवारी ओंकारला घेऊन रॉबेन बेटावर गेलो. मंडेलांची कोठडी सगळेच बघतात, आम्हीही बघितली. पण माझे पाय अडले ते कैद्यांच्या जेवणाच्या तक्त्यापाशी. दोन रकाने आहेत. एक कलर्ड (म्हणजे मिश्रवंशीय) आणि आशियाई कैद्यांचा, दुसरा ‘बांटू’, म्हणजे काळ्या आफ्रिकी कैद्यांचा. मांस आणि साखर दुसऱ्या रकान्यात कमी. जॅम पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाहीच. ओंकारने तक्ता दोनदा वाचला आणि विचारलं, “आई, म्हणजे मला जॅम मिळाला असता?”

हो, मिळाला असता. अहमद कथराडांना मिळायचा. घराणं मूळचं गुजरातमधलं, १९६४ मध्ये मंडेलांबरोबरच जन्मठेप झालेले, त्यांतल्या या बेटावर आणलेल्या सगळ्यांत वयाने धाकटे. त्यांना पूर्ण विजार आणि त्यांच्याहून कितीतरी मोठ्या मंडेलांना अर्धी चड्डी. कारण त्या राजवटीच्या लेखी काळा पुरुष कितीही मोठा झाला तरी ‘पोऱ्या’च. आई, पंगतीत वाढताना असा भेद करणारी माणसं तू पाहिली आहेस. आजीच्या घरी अंगणात वेगळी ठेवलेली ती कपबशी तूच मला दाखवली होतीस. तक्त्यासमोर उभी असताना मला तीच आठवली. त्यामुळे ओंकारला ‘बघ, ही माणसं किती वाईट होती’ एवढंच सांगून पुढे सरकता येईना.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. मस्कतला जातानाचा तुमचा तो जुना पासपोर्ट अजून ट्रंकेत आहे ना? लहानपणी मी तो काढून काढून बघायची. दक्षिण आफ्रिका वगळून, अशा अर्थाची ओळ होती त्यात. तिथे काय आहे, असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, “तिथे आपलं सरकार जाऊ देत नाही.” आणि मग हमखास १९७४ चा टेनिसचा डेव्हिस कप निघायचा. सेमीफायनल पुण्यात, समोर रशिया, तुम्ही कॉलेज बुडवून गेलेले, अमृतराज बंधू, आपण ३-१ ने जिंकलो. फायनलला दक्षिण आफ्रिका. आणि तिथल्या वर्णभेदामुळे आपण खेळायलाच नकार दिला. “तोंडाशी आलेला घास, बाई,” हे तुमचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! १९६६ ला हरलो, १९८७ ला हरलो, कप आजवर आला नाही. मलाही वाटायचं, खेळात राजकारण कशाला आणायचं?

आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचे वडील इथे जवळच राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं मूळ घर इथल्याच डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत होतं. १९६६ साली तो अख्खा भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला, साठ हजारांवर माणसं हलवली आणि घरांवरून बुलडोझर फिरवले. हे गृहस्थ तरुणपणी टेनिस खेळायचे, भेगा पडलेल्या सिमेंटच्या कोर्टवर. गोऱ्यांच्या क्लबचं हिरवं कोर्ट रस्त्यापलीकडे होतं, पण कुंपणाच्या आत पाऊल टाकता येत नसे. मी भारतातली, हे कळल्यावर त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाले, “१९७४!” त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने न खेळता कप जिंकला. आमच्या गल्लीत आम्ही त्या रिकाम्या कपावर हसलो होतो, म्हणाले. बाहेर कुणाला तरी आम्ही दिसतो आहोत, हे तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

बाबा, त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी येऊन वाचत बसले. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याला वर्ष बाकी असताना, आपल्या देशाने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तिथल्या नाताळ प्रांतासारख्या भागातल्या हिंदी लोकांच्या जमीन घेण्या-वापरण्यावर बंधनं घालणारा कायदा त्या साली आला होता. विजयालक्ष्मी पंडितांनी तो प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. म्हणजे सुरुवात आपल्या माणसांसाठी होती, हे मान्य करायला हवं. पण तिथेच थांबलो नाही. १९५२ मध्ये आपल्यासह १३ देशांनी सगळ्या वर्णभेदाचाच प्रश्न तिथे मांडला. आणि ज्यांच्या हाती पैसा आणि तोफा होत्या ते किती उशिरा आले! शस्त्रबंदी सक्तीची व्हायला १९७७ उजाडलं, शार्पव्हिलनंतर १७ वर्षं. अमेरिकेचे मोठे निर्बंध १९८६ चे, तेही रेगन यांचा नकाराधिकार मोडून. मधल्या काळात गेलेल्या माणसांचा विचार केला की माझा संताप होतो.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. जुलै १९८४, डब्लिनमधलं एक दुकान. मेरी मॅनिंग नावाची २१ वर्षांची मुलगी गल्ल्यावर बसलेली. गिऱ्हाइकाने दक्षिण आफ्रिकेचं ग्रेपफ्रूट पुढे केलं (आपल्या पपनसासारखंच, जरा लहान). युनियनने सांगितलं होतं, तो माल विकायचा नाही. तिने बिल करायला नकार दिला. तिला निलंबित केलं, तसे तिचे सहकारी बाहेर पडले आणि जवळजवळ तीन वर्षं संपावर राहिले. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारने तिथली फळं-भाजी आणायलाच बंदी घातली. एका फळावरून! भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारी तू, तुला ती मुलगी फार आवडली असती.

बाबा, एका कपामुळे सरकार पडत नाही, तसं मी म्हणतही नाही. पण १९९२ ला डर्बनला प्रवीण आमरेने पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते, आठवतं? ती इथे २२ वर्षांनी झालेली पहिली कसोटी होती. तो सामना व्हायला आधी बरेच सामने न होणं भाग होतं. तुमचा त्यातलाच एक.

आता काम सांगते. त्या गृहस्थांनी मला पुण्याच्या सेमीफायनलबद्दल खोदून खोदून विचारलं. कोण कोणाशी खेळलं, कोर्ट कसं होतं, लोक काय ओरडत होते. मला काहीच सांगता आलं नाही, इतकी वर्षं मी तुमचं अर्धवट ऐकत आले. तर सवडीने सगळं लिहून काढा. डोळ्यांना त्रास होत असेल तर तुम्ही सांगा आणि आई लिहील. मी इंग्रजीत करून त्यांना वाचून दाखवीन. ते वाट बघताहेत. आणि तो पासपोर्ट रद्दीत घालू नका.

गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
सुमा