झाडं लावताय, आता ती मोजायचाही निर्णय घ्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण पुण्यात पावसाची आणि तापमानाची नोंद आजही रोज होते. अशी जुनी, सलग नोंद देशभर ठेवली गेली म्हणूनच पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला २०२० चा अहवाल ठामपणे सांगू शकला की १९५१ ते २०१५ या काळात देशातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट ठळकपणे दिसली ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात.

पावसाचं कळलं. त्या पावसावर जगणाऱ्या रानाचं काय? भीमाशंकरला अंजनीची किती झाडं वाळली, सिंहगडाच्या उतारावर कुठली रोपं तगली, ताम्हिणीत कुठल्या जातीची नवी रोपं उगवायची थांबली, हेही तितक्याच ठामपणे सांगता यायला हवं. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी कळकळीने करते आहे.

आपल्या खात्याचा भर लागवडीवर राहिला आहे. २०१६ मध्ये २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी अशी उद्दिष्टं ठरली. त्यामागच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण पुण्याच्या टेकड्यांवर जा आणि ग्लिरिसिडिया पाहा. मध्य अमेरिकेतलं हे झाड सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलं गेलं, कारण ते फांदीवरून येतं, भराभर वाढतं आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या खऱ्या, पण त्या दाटीखाली स्थानिक गवत आणि झुडपं मागे पडली, आणि आता तेच ग्लिरिसिडिया काढून देशी झाडं लावायची चर्चा चालते. या नव्या झाडांचं चाळीस वर्षांनी काय होईल? तापमान वाढत असताना हा प्रश्न अंदाजावर सोडणं परवडणारं नाही.

झाड उन्हाने मरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे थोडं सांगते. हवा तापली आणि कोरडी झाली की पानांमधून पाणी जास्त ओढलं जातं. मुळांशी ओल नसेल तर खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची धार तुटते. हे टाळायला झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं, पण मग त्याला अन्न तयार करता येत नाही. अशक्त झालेल्या झाडाला पुढे बुरशी आणि खोडकिडा गाठतात. दुष्काळ एका वर्षी पडतो आणि झाड कधी कधी तीन-चार वर्षांनी जातं. संशोधन प्रकल्पाला मात्र निधी मिळतो बहुधा तीन वर्षांचा! झाड मरायच्या आधीच अहवाल सादर झालेला असतो.

म्हणून कायमस्वरूपी प्लॉट हवेत, म्हणजे जिथली तीच झाडं वर्षानुवर्षं मोजली जातील असे जंगलाचे आखलेले तुकडे. तामिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये ५० हेक्टरचा असा प्लॉट आखला. त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक आहे आणि जगलं, मेलं, किती वाढलं याची नोंद दशकानुदशकं चालू आहे. साधनं साधी असतात: छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा, खिळ्याला अडकवलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला, घेर मोजायची टेप. वर्षाला काही मिलिमीटरच वाढ होते, म्हणून दर वेळी टेप त्याच पट्ट्यावर बसायला हवी. यात महाग काही असेल तर ते सातत्य.

यासाठी पुणे जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. ताम्हिणीला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास आणि बारामतीकडे पाचशेच्या घरात. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात सदाहरित रान, पानगळीचं रान, देवराया आणि माळरान सगळं आहे. पूर्वेकडची झाडं आज जे सोसताहेत, ते पश्चिमेकडच्या रानाच्या वाट्याला उद्या येऊ शकतं. जांभूळ, बेहडा यांचं बी दोन्ही टोकांकडून आणून एकाच जागी वाढवून पाहा. कोरड्या भागातल्या बियाणाची रोपं अधिक चिवट निघतात का, हे रोपवाटिकेने करोडो रोपं तयार करण्याआधी कळायला हवं. आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीसारख्या माळरानावर कृपा करून झाडांचे खड्डे घेऊ नका. चिंकारा आणि लांडगा यांचं घर ते गवतच आहे, त्याचेही प्लॉट आखा.

मोजणीचं काम गावातल्या माणसांना द्या. आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं गणित बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या औषधी फळांवर, असतं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं पडली तेव्हा कुठलं झाड किती फळ द्यायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. ही माहिती वहीत यायला हवी, आणि ती आणणाऱ्याला रोजंदारीवर न ठेवता नियमित पगार मिळायला हवा.

पैशाचं म्हणाल तर भरपाई वनीकरणासाठी, म्हणजे दुसऱ्या कामाला दिलेल्या वनजमिनीच्या बदल्यात झाडं लावण्यासाठी, कॅम्पाचा निधी येतो. लागवडीच्या खर्चातला ठरावीक वाटा किमान वीस वर्षांच्या मोजणीसाठी बाजूला काढता येईल का, हे नियमांत तपासून घ्या. नियम आड येत असतील तर ते बदलण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरा. नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात आणि वनविभागाची पुढची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा) करताना त्या विचारात घेणं बंधनकारक असावं.

वनस्पती सर्वेक्षण विभाग, आघारकर संस्था, आयसर, विद्यापीठ आणि हवामान संस्था, सगळे याच शहरात आहेत. पुढच्या पावसाळ्याचे खड्डे घ्यायच्या आत या सगळ्यांची आणि आंबेगाव, मुळशी, इंदापूरच्या ग्रामसभांची एक बैठक पुण्यात बोलवा, आणि पहिल्या प्लॉटची जागा त्याच बैठकीत ठरवा.

कळावे,
आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका, पुणे